वसंतात डोंगरधारेवरून शिकारी पक्षी मोजताना: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

शिकारी पक्ष्यांच्या मोजणीला पहिल्यांदा येणारे जवळजवळ सगळे एकाच काळजीत असतात: आपल्याला पक्षी ओळखता येत नाहीत, मग आपला उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून आहे. ज्याला दूरवरचा ठिपका दिसतो आणि जो "दिसला, पण काय होता ते कळलं नाही" असं सरळ लिहितो, तो माणूस मोजणीला हवाच असतो. नावं दोन-तीन हंगामांत जिभेवर बसतात. खरी नोंद करायची सवय मात्र सुरुवातीलाच लागली तर लागते. म्हणून या लेखात ओळखीपेक्षा नोंदीबद्दल जास्त लिहिलं आहे.

हा आकडा कुठे कामाला येतो

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर एकेकाळी बंदूकवाले लोक स्थलांतर करणारे पक्षी पाडायलाच जमत. १९३४ साली रोझली एज यांनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, मॉरिस ब्रून यांना राखणीला ठेवलं आणि ब्रून यांनी त्याच शरदात रोज किती पक्षी गेले ते लिहायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी वाढली, तेव्हा त्या वह्यांतून एक भयंकर गोष्ट समोर आली. १९३५ ते १९३९ या वर्षांत तिथून जाणाऱ्या दर शंभर बाल्ड ईगल जातीच्या गरुडांत साधारण ४० तरुण असत. १९५५ ते १९५९ मध्ये २०च उरले. मोठे गरुड येत होते, त्यांच्यामागची पिढी येत नव्हती. हे कळू शकलं, कारण आधीच्या वर्षांचे आकडे त्याच जागेवरून लिहिलेले होते आणि प्रौढ-तरुण हा फरक कुणीतरी कंटाळा न करता नोंदवला होता. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली.

ब्रून डोंगरावर बसले तेव्हा त्यांना डीडीटी हे नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपण आज जो रकाना भरतो त्याचं उत्तर कोणत्या प्रश्नाला लागू पडेल हे आपल्यालाही माहीत नसतं. तो रकाना तरीही भरायचा.

पक्षी धारेवरूनच का जातात

रुंद पंखांच्या पक्ष्याला पंख मारत प्रवास करणं फार महागात पडतं. गरुड किंवा बझर्ड (गरुडाहून लहान, रुंद पंखांचा शिकारी पक्षी) सतत पंख हलवत निघाला तर हजारो किलोमीटरचा पल्ला त्याला झेपणारच नाही. त्याला आयती वर चढणारी हवा लागते, आणि ती त्याला दोन प्रकारांनी मिळते. वारा डोंगराच्या अंगावर आडवा आदळला की त्याला वर चढण्यावाचून वाट नसते. त्यामुळे धारेला लागून चढत्या हवेचा लांब पट्टा तयार होतो आणि पक्षी पंख थोडे आवळून त्या पट्ट्यावरून घसरत जातो. दुसरी हवा उन्हाने उठते. उघडा खडक, कोरडा उतार, नांगरलेली जमीन लवकर तापते आणि तिथून गरम हवेचा खांब वर निघतो. त्याला थर्मल म्हणतात. पक्षी त्यात शिरतो, गोल गोल फिरत उंची घेतो आणि वरच्या टोकाला पोचला की पुढच्या थर्मलकडे घसरत जातो.

दिवसाचं वेळापत्रक यातूनच ठरतं. सकाळी जमीन गार असताना स्वतःच्या ताकदीवर उडणारे पक्षी आधी दिसतात: ससाणे, भोवत्या (हॅरियर), शिकऱ्याच्या कुळातला स्पॅरोहॉक. ऊन जरा तापलं की रात्री झाडांवर आणि कड्यांवर मुक्कामाला असलेले बझर्ड, गरुड उठतात. ही वेळ चुकवू नका. पक्षी अजून खाली असतात, हळू चढत असतात आणि ऊन तिरपं असल्यामुळे पोटाकडचे रंग स्पष्ट दिसतात. भर दुपारी तेच पक्षी इतके वर जातात की निरभ्र आभाळात नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. दुपारी आकडा घसरला म्हणजे पक्षी थांबले असं समजून बरेच जण नेमके तेव्हाच उठतात. तसं करू नका. डोक्यावरचं आभाळ दुर्बिणीने विंचरून काढायची वेळ तीच असते. ऊन उतरलं की थर्मल मंदावतात आणि पक्षी पुन्हा नजरेच्या टप्प्यात येतात.

वसंतातली मोजणी वेगळी असते

शरदात जाणाऱ्यांच्या गर्दीत त्या वर्षी जन्मलेली पिल्लं असतात, म्हणून आकडे मोठे दिसतात. वसंतात परतणारे बहुतेक पक्षी थंडी काढून वाचलेले प्रौढ असतात. त्यांना घरट्याची जागा धरायची घाई असते. मासे पकडणारा ऑस्प्रे आणि मधुबाज (हनी बझर्ड) यांच्यासारख्या पक्ष्यांची गेल्या वर्षीची पिल्लं तर पहिल्या वसंतात परतत नाहीत, जिथे थंडी काढली त्या उबदार मुलखातच राहतात. तेव्हा वसंतातला आकडा शरदाच्या आकड्याशी ताडून "पक्षी कमी झाले" असा निष्कर्ष काढू नका. वसंताची तुलना वसंताशीच करायची.

वाटाही बदलतात. शरदात गाजणारी धार वसंतात ओस पडलेली असू शकते आणि उलटही होतं. पेनसिल्व्हेनियातलाच टसी माउंटन हा डोंगर वसंतात उत्तरेकडे निघालेल्या सोनेरी गरुडांसाठी नावाजलेला आहे. ऑन्टॅरियो सरोवराच्या दक्षिण काठावर डर्बी हिल आणि ब्रॅडॉक बे इथे वसंतात गर्दी होते, कारण उत्तरेला निघालेले पक्षी एवढं मोठं पाणी ओलांडायला तयार होत नाहीत आणि काठाकाठाने वळतात. पाण्यावर थर्मल नीट उठत नाहीत, हे त्यामागचं कारण. ससाणे, भोवत्या, ऑस्प्रे ही बंधनं फारशी पाळत नाहीत. त्यांना पंख मारत जाता येतं.

इस्रायलच्या दक्षिण टोकाला असलेलं एलात हे वसंतातल्या मोजणीचं सर्वांत गाजलेलं ठिकाण. आफ्रिकेतून आशिया-युरोपकडे परतणारे पक्षी तांबड्या समुद्राच्या टोकाशी आवळले जातात आणि शेजारच्या डोंगरांवरून जातात. १९८५च्या वसंतात तिथे दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले गेले. तिथल्या हंगामाचा क्रम पाहण्यासारखा आहे: फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत स्टेप गरुडांचा जोर, मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला स्टेप बझर्ड, एप्रिलच्या उत्तरार्धात लेव्हांट स्पॅरोहॉक आणि मेच्या सुरुवातीला मधुबाज. चार लाटा, चार वेगळे पक्षी. तुम्ही बसणार त्या धारेवरही अशा लाटा असणार. आधीच्या वर्षांच्या नोंदी मिळाल्या तर त्या वाचून या, म्हणजे त्या आठवड्यात कोणत्या दोन-तीन जाती जास्त दिसतील हे कळेल आणि सगळं पुस्तक पाठ करत बसावं लागणार नाही.

इटलीच्या मेसिना सामुद्रधुनीजवळच्या डोंगरांबद्दल मला विशेष आस्था आहे. तिथे वसंतात मधुबाजांवर गोळ्या झाडल्या जात. आन्ना जॉर्दानो हिने १९८१ साली, पंधरा वर्षांची असताना, त्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं आणि १९९८ साली तिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. धारेवर मोजायला बसलेली माणसं हीसुद्धा पक्ष्यांची राखण आहे, हे तिथे अक्षरशः खरं ठरलं.

दिवस कोणता निवडायचा

उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात वसंतात दक्षिणेकडून येणारा उबदार वारा पक्ष्यांच्या पाठीशी असतो. पश्चिमेकडून कमी दाबाचं क्षेत्र सरकत येत असतं तेव्हा त्याच्या पुढच्या अंगाला असा वारा सुटतो, आणि चांगले दिवस बहुधा तेव्हाच मिळतात. शरदातला नियम याच्या उलट, थंड वाऱ्याची आघाडी निघून गेल्यानंतरचा. शरदात शिकलेले लोक वसंतात इथे हमखास फसतात. त्यात वारा धारेला आडवा लागत असेल तर पक्षी धार धरून चालतात. वारा धारेच्या रेषेतच वाहत असेल तर पक्षी विखुरतात, मग धारेच्या दोन्ही बाजूंच्या खोऱ्यांवर नजर ठेवायची.

पाऊस आणि धुकं असताना काहीच हलत नाही. पण सलग तीन-चार वाईट दिवसांनंतर उघडलेला पहिला दिवस कधीही सोडू नका. मागे अडकून पडलेले सगळे त्या दिवशी एकदम निघतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. फक्त चांगल्या दिवशी जाऊन मोजलं तर तो आकडा पक्ष्यांचा राहत नाही, तुमच्या निवडीचा होतो. शिकण्यासाठी चांगला दिवस निवडा. मोजणीत नाव दिलंत की मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, हवा कशीही असली तरी जायचं. वादळ तेवढं अपवाद.

बरोबर काय न्यायचं

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. नवख्याने आठपटीची घ्यावी असं माझं ठाम मत आहे: तिच्यात आभाळाचा मोठा तुकडा दिसतो आणि हात कमी थरथरतो. स्कोप (तिपाईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) गटात एक असला तरी पुरतो. तो शोधायला वापरायचा नसतो, सापडलेला पक्षी तपासायला वापरायचा असतो. पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची घ्या, कारण मान दिवसभर वर ठेवणं पहिल्या दोन तासांतच नकोसं होतं. काठाची टोपी, गॉगल, पाणी आणि वाटतं त्यापेक्षा एक जास्तीचा गरम कपडा. वसंत असला तरी धारेवरचा वारा हाडात शिरतो.

अंगठ्याने दाबायचा मोजणी-काउंटर घ्या, शक्य तर दोन. एका हातात त्या दिवशी सर्वांत जास्त येणारी जात, दुसऱ्या हातात बाकीचे. नोंद पेन्सिलीने करा. दवाने शाई पसरते, पेन्सिल टिकते. कॅमेरा असला तर ठेवा, पण मोजणीच्या पाळीत तो पिशवीत राहू द्या. फोटो काढणाऱ्याच्या मागून पक्षी निघून जातात.

नजर फिरवण्याची रीत

पोचल्यावर पहिली वीस मिनिटं पक्षी शोधू नका. क्षितिज शिका. डावीकडून उजवीकडे प्रत्येक ठळक खुणेला नाव द्या: पहिली खिंड, एकटं झाड, मनोरा, बोडका सुळका. कुणी ओरडलं, "सुळक्याच्या वर, दोन दुर्बिणी उंच, उजवीकडे सरकतोय," तर तीन सेकंदांत तुमची दुर्बीण तिथे गेली पाहिजे. "दोन दुर्बिणी" म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या वर्तुळाच्या दुप्पट उंची. "तिकडे! तो बघ तिकडे!" याचा कुणालाही उपयोग होत नाही.

मग नजर फिरवायची. पक्षी ज्या दिशेने येणार तिकडच्या क्षितिजापासून सुरुवात करा. दुर्बिणीच्या वर्तुळाच्या खालच्या कडेला धार ठेवा आणि हळूहळू सरका, प्रत्येक वेळी अर्धं वर्तुळ मागच्यावर चढवत. टोक आलं की एक वर्तुळ वर घ्या आणि उलट परत या. दोन-तीन फेऱ्या झाल्या की दुर्बीण उतरवून नुसत्या डोळ्यांनी डोक्यावरचं आभाळ बघा. जवळचा पक्षी दुर्बिणीत सापडत नाही, नुसत्या डोळ्यांनाच दिसतो.

निळंभोर आभाळ सुंदर असतं, पण मोजणाऱ्याला ते वैरी. डोळ्याला धरायला काही नसलं की तो आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि दूरचा ठिपका समोर असूनही पुसट होतो. उपाय साधा आहे: दर मिनिटाला दूरच्या डोंगराकडे किंवा ढगाच्या कडेकडे बघून घ्यायचं, डोळा पुन्हा दूरवर बसतो. पांढरे ढग आले की आनंद माना. ढगाच्या पांढऱ्यावर काळा ठिपका तीळ सांडल्यासारखा उठून दिसतो, आणि कापसासारख्या ढगाच्या तळाशी थर्मलचं टोक असतं, त्यामुळे पक्षीही तिथेच असतात.

सूर्याजवळ शोधायचं असेल तर सूर्य हाताच्या पंजाआड किंवा झाडाच्या बुंध्याआड झाकूनच. दुर्बिणीतून सूर्य एकदा दिसला तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

ओळख: रंगाआधी आकार

दूरचा पक्षी काळाच दिसतो. म्हणून रंगांच्या चित्रांवर वेळ घालवण्याआधी आकार पक्के करा. लांब, टोकदार पंख आणि चपळ उड्डाण असेल तर ससाणा. आखूड, गोलसर पंख, लांब शेपटी, चार-पाच वेळा पंख मारून थोडं घसरायचं आणि पुन्हा तेच, तर शिकरा किंवा स्पॅरोहॉकच्या कुळातला. लांब, अरुंद पंख उथळ व्हीसारखे वर धरून डुलत जाणारा भोवत्या. मनगटात पंख वाकवून इंग्रजी एमसारखा दिसणारा ऑस्प्रे. शेपटी सुकाणूसारखी सतत पिळणारी घार. फळीसारखे रुंद पंख, टोकाला बोटांसारखी सुटी पिसं आणि संथपणा दिसला तर गरुड किंवा गिधाड. गिधाडाचं डोकं पंखांपुढे जेमतेम दिसतं, गरुडाचं चांगलं पुढे आलेलं असतं.

बझर्ड आणि मधुबाज यांत सगळेच गोंधळतात, जुनेही. बझर्ड घिरट्या घालताना पंख जरा वर उचलून धरतो. मधुबाज ते सपाट ठेवतो, घसरताना टोकं किंचित खाली झुकवतो, शिवाय त्याची मान लांब आणि डोकं कबुतरासारखं लहान दिसतं. एवढ्या खुणा दिसल्या तरच नाव लिहायचं.

आकारमानावर मात्र विश्वास ठेवू नका. मोकळ्या आभाळात लहान-मोठं कळत नाही. जवळचा ससाणा आणि दूरचा गरुड सारखेच वाटतात. शेजारी कावळा आला तर तुलना करा, नाही तर पंख मारायचा वेग बघा, कारण मोठा पक्षी सावकाश पंख मारतो. हंगामाच्या आधी महिनाभर रोजच्या ओळखीच्या घारी आणि कावळे लांबून बघून ठेवा. तो अभ्यास धारेवर जितका उपयोगी पडतो तितका दुसरा कुठलाच पडत नाही.

प्रत्यक्ष मोजणी

धारेला आडवी एक काल्पनिक रेषा ठरवा, दोन खुणांच्या मधून जाणारी. ती रेषा प्रवासाच्या दिशेने ओलांडेल तोच पक्षी मोजायचा. रेषेच्या अलीकडे घिरट्या घालणारा अजून मोजलेला नाही. रेषा ओलांडून परत आलेला वेगळ्या रकान्यात जातो. उतारावर एकाच जागी थरथरत शिकार शोधणारा केस्ट्रल (लहान ससाणा) स्थानिक आहे. तो दिवसातून दहा वेळा दिसेल आणि दहाही वेळा मोजायचा नाही.

हे लिहायला सोपं आहे. खरी परीक्षा थव्याची. थर्मलमध्ये तीस-चाळीस बझर्ड एकत्र गरगरत चढतात. उकळत्या भांड्यातले दाणे मोजावेत तसं ते असतं: वरचे खाली दिसतात, खालचे वर, आणि प्रत्येक मोजणीला वेगळा आकडा येतो. माझ्या दुसऱ्या हंगामात मी असा एक थवा घिरट्या घालत असतानाच मोजला, सव्वीस लिहिले, आणि पाच मिनिटांनी तोच थवा रेषेवरून गेला तेव्हा पुन्हा मोजला. संध्याकाळी तक्ता तपासताना लक्षात आलं की माझ्या बावन्न बझर्डांतले निम्मे नव्हतेच. तो तास मी खोडला आणि का खोडला ते शेऱ्यात लिहिलं. तेव्हापासून थवा वर चढत असेपर्यंत माझा अंगठा काउंटरवर नसतो.

थव्याची वेळ येते ती तो थर्मलच्या टोकाला पोचल्यावर. वरून एक पक्षी सुटतो, पंख आवळतो आणि सरळ रेषेत घसरू लागतो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता गोल फिरणारा गोंधळ माळेसारखा सुटतो. तेव्हा दुर्बीण पक्ष्यांबरोबर फिरवू नका. ती रेषेवर स्थिर धरा आणि वर्तुळातून जाणारे मणी एकेक मोजा. शंभराच्या आतला थवा एकेक करून मोजता आलाच पाहिजे. त्याहून मोठी माळ असेल तर आधी दहा पक्षी एकेक मोजून दहाचा तुकडा डोळ्यात बसवा आणि मग तुकडे मोजा. माळेत दाटी-विरळी असते म्हणून दर काही तुकड्यांनी पुन्हा दहा एकेक मोजून घ्या. "अंदाजे पाचशे" असा गोल आकडा मनात आला की समजा, तुम्ही मोजणं सोडून बघायला लागलात.

एका जवळून गेलेल्या पक्ष्याबद्दल सांगतो, कारण दुबार मोजणी टाळायची युक्ती मला त्याने शिकवली. वारा धारेला आडवा होता आणि एक स्टेप गरुड आमच्या नजरेच्या पातळीला, दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावरून गेला. पंखांतून वारा सरकल्याचा आवाज ऐकू आला. चोचीच्या कोपऱ्याची पिवळी कड डोळ्याच्या पार मागपर्यंत गेलेली, गळ्याखाली अन्नाने भरलेल्या पिशवीचा फुगवटा आणि डाव्या पंखात, मधल्या पिसांमध्ये, एक पीस गळून पडलेली स्पष्ट फट. पाऊण तासाने खोऱ्यावर एक गरुड उलट दिशेने येताना दिसला, स्कोपमध्ये घेतला तर डाव्या पंखात तीच फट. तो परतला होता. नंतर तो पुन्हा पुढे गेला तेव्हा आम्हाला नवा गरुड लिहावा लागला नाही. पिसांमधल्या अशा फटी, तुटलेलं शेपटीचं पीस, गळ्याचा फुगवटा हे शेऱ्यात लिहीत चला. दोन-तीन तासांपुरती ती त्या पक्ष्याची ओळख असते.

एकाच दिशेला सगळे बघत राहणं हा गटाचा मोठा दोष. एखादा देखणा गरुड आला की चारही दुर्बिणी त्याच्यावर खिळतात आणि पाठीमागून वीस बझर्ड निघून जातात. एकाने तपासायचं, बाकीच्यांनी आपापला आभाळाचा तुकडा सोडायचा नाही. आणि आकडा लिहिणारा एकच असावा. प्रत्येकाने ओरडायचं, पण एकच पक्षी तिघांनी पाहिला की नाही हे तोच विचारून घेईल.

नोंदपत्रक

दर तासाला एक ओळ. त्या तासात वाऱ्याची दिशा आणि जोर, तापमान, ढग किती, दृश्यता किती, किती जोड्या डोळे आभाळाकडे होते, पक्षी साधारण किती उंचीवरून गेले आणि जातीनुसार आकडे. ओळखता आलं तर प्रौढ की तरुण. मोजणी कधी सुरू झाली, मध्ये किती मिनिटं थांबली, कधी संपली हे मिनिटांसकट लिहा. सहा तासांत ९० पक्षी म्हणजे ताशी १५. दुसऱ्या कुणी तीन तासांत ६० मोजले तर त्यांचा दिवस तुमच्यापेक्षा भरलेला होता. तास लिहिलेले नसतील तर हे कळायला मार्ग नाही. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे मोजणीचं घड्याळ पुढे करू नये. सूर्य वेळ बदलत नाही आणि थर्मल सूर्याचंच ऐकतात.

दोन रकान्यांबद्दल माझा आग्रह आहे. पहिला "न ओळखलेला". त्याच्या पायऱ्या करा: न ओळखलेला ससाणा, न ओळखलेला गरुड, न ओळखलेला शिकारी पक्षी. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं. ज्या नोंदवहीत हा रकाना वर्षभर रिकामा आहे तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. दुसरा रकाना शून्याचा. पूर्ण तास बसलात आणि एकही पक्षी गेला नाही, तर तिथे ठळक शून्य घाला. कोरी जागा सोडली तर वाचणाऱ्याला वाटेल की त्या तासाला कुणी नव्हतं. तुम्ही होता, बघत होता, आणि पक्षी आले नाहीत. ही पूर्ण माहिती आहे.

घरी गेल्यावर नोंदी कुठेतरी सुरक्षित पोचवा. उत्तर अमेरिकेतले गट हॉककाउंट या संकेतस्थळावर भरतात, युरोपात ट्रेक्टेलन चालतं, आणि ई-बर्ड कुठूनही भरता येतं. जागेचं नाव दरवेळी तेच ठेवा. नाहीतर एकाच धारेच्या चार नावांखाली चार तुटक वह्या तयार होतात.

धारेवर वागताना

वर बघत चालू नका. चालायचं असेल तर दुर्बीण छातीशी, नजर पायाशी. कड्याच्या काठावर एक पाऊल मागे घेऊन कुणी पडलं तर वाचवायला वेळ नसतो. गडगडाट ऐकू आला की लगेच उतरा. लोखंडी ट्रायपॉड घेऊन डोंगराच्या सर्वांत उंच टोकावर बसणं जिवावर बेतू शकतं, आणि मोडलेल्या मोजणीची शेऱ्यात एक ओळ पुरते. ड्रोन उडवू नका. घरटं सापडलं तर त्याची जागा चारचौघांत सांगू नका.

कुणी वाटसरू येऊन विचारतील, काय बघताय? त्यांना दुर्बीण द्या, पण डोळे आभाळावर ठेवून बोला. बोलणं संपेपर्यंत आपला तुकडा दुसऱ्याच्या हवाली करता आला तर उत्तमच.

उतरण्याआधी

दिवसाची बेरीज धारेवरच करा. जातवार आकडे जोडा, तासांच्या ओळींची बेरीज त्यांच्याशी जुळते का बघा, काउंटरवरचा आकडा ताडून पाहा. जुळत नसेल तर कुठे चुकलं हे बाजूच्या माणसाला आत्ता आठवतं, उद्या आठवणार नाही. मग दोघांनी सही करायची आणि पानाचा फोटो काढून ठेवायचा.

ठरलेल्या वेळेला पाच मिनिटं उरली असतील आणि शेवटचा तास शून्यावर असेल तर आवरायला घेऊ नका. उतरत्या उन्हात मुक्कामाची जागा शोधत खाली आलेला एखादा भोवत्या याच वेळी धारेखालून, गवताला घासत जातो, आणि त्याला बघायला बहुतेक वेळा कुणीच उरलेलं नसतं.